पत्र आलं होतं, आबा

आबा,

आज पितरांचा म्हाळ घातला. भात, खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं तुमच्या वेळचंच. शेवटी तुमच्या गोऱ्या आज्याचं पान वाढलं आणि त्याच्या भाकरीवर मीठ कालवलेला लोण्याचा गोळा ठेवला. सून नवीन आहे, तिला राहवलं नाही. "मामा, लोण्यात मीठ कोण घालतंय?" मी तुमचंच उत्तर दिलं, "आमच्यात घालत्यात." यंदा मात्र मी त्याच्या शेजारी एक पान जास्तीचं मांडलं आणि ते कुणाचं, हे घरात कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरेना, म्हणून लिहायला बसलोय.

रेल्वेची लाइन टाकायला आलेला तो माणूस लाइन झाल्यावर परत गेलाच नाही. कसबा बावड्यात तुमच्या आजीजवळ राहिला, इथंच मेला, आणि मागं ठेवलं काय, तर घारे डोळे, खारं लोणी आणि गावाच्या तोंडाला चघळायला विषय. आडनावसुद्धा आपण लावतो ते आजीच्या माहेरचं. मी तिसरीत असताना पोरं मला 'सायबाचं बेणं' म्हणाली. मी रडत घरी आलो तेव्हा तुम्ही नुकतेच कारखान्यातून येऊन पाय धूत होता. "आबा, आपण सायबाचं का?" म्हणून विचारलं मात्र, तुमच्या हातातला तांब्या भिंतीवर आदळला. "आपण बावड्याचं! माझ्या आजीचं लगीन लागलंय, अक्षता पडल्यात! पुन्हा इचारलंस तर जीभ हासडून हातात दीन." मी गोठ्यात जाऊन बसलो. थोड्या वेळानं तुम्हीच भाकरी आणि ते खारं लोणी घेऊन आलात. माझ्या शेजारी बसलात. तुम्ही मला नाही, सगळ्या गावाला ओरडला होता, हे मला फार उशिरा कळलं.

पुढं मी इंग्रजी शिकवणारा मास्तर झालो, तेव्हा ट्रंकेच्या तळातून तुम्ही गोऱ्या आज्याचं प्रार्थनेचं पुस्तक काढलंत. पहिल्या पानावर शाईनं त्याचं नाव, गावाचं नाव, आणि खाली आयर्लंड. "म्हंजे इंग्लंडातच की?" "न्हाय आबा. त्यांनी बी इंग्रजांशी भांडूनच स्वराज्य मिळवलंय." काय फुलला होता तुमचा चेहरा! दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, "आमचा आजा इंग्रज न्हवंच! इंग्रजाचा वैरी हुता!" आजीच्या माहेरच्या भावकीतले तुमचे चुलतभाऊ हसले. "असू दे की वैरी. पण लगीन कुठं लागलं ते सांग आधी." बशीतला चहा तसाच टाकून तुम्ही घरी आलात आणि मला म्हणालात, "लिव्ह तिकडं. त्येनं लगनाचं घरी कळवलं असंलच की. उत्तर आलं की म्हाळाला सगळी भावकी बसवून वाचून दावतो." मग मी त्या गावच्या चर्चच्या पाद्र्याला लिहिलं. पत्ता शाळेचा दिला, ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

उत्तर चार महिन्यांनी आलं, आबा. आलं होतं. पाद्र्यानं चर्चची जुनी वही बघून लिहिलं होतं, की या माणसाचं लग्न याच चर्चमध्ये लागलं, दोन मुली झाल्या, आणि मग तो कामासाठी हिंदुस्थानात गेला. म्हणजे लग्न होतं, पण तिकडचं, इकडं यायच्या आधीचं. सोबत एका म्हाताऱ्या बाईची चिठ्ठी होती. ती त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी, म्हणजे नात्यानं तुमची बहीणच. तिनं लिहिलं होतं, 'आमची आजी मरेपर्यंत रोज पोस्टमनची वाट बघायची. तो कुठं पुरलाय, तेवढं कळवा.' शिक्षकांच्या खोलीत मी ते दोनदा वाचलं. तुम्ही जन्मभर ज्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवली होती, तीच त्या कागदानं काढून घेतली होती. मी तो शब्दकोशात दडवला. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "आलं काय रं?" मी म्हणालो, "न्हाय आबा."

आणि मग तुम्ही वाट बघायला लागता. कारखान्यातून रिटायर झालेले आहात, दुपारभर उंबऱ्यावर बसता. सायकल वळली की उठून उभे राहता. "आमचं विलायतेचं हाय काय?" पोस्टमन म्हणतो, "न्हाय की ओ आबा." म्हाळ येतो, भावकी जेवते, चुलते पान चघळत विचारतात, "आला का सायबाचा कागुद?" तुम्ही माझ्याकडे बघता. मी खाली मान घालून भात कालवत राहतो. असं दोन वर्षं. शेवटच्या दुखण्यात तर तुम्हीच माझी समजूत घातलीत, "असंल रं, लांबचं गाव हाय. त्येनी तरी कुणाला इचारायचं?" तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्हाला दुःख नको म्हणून लपवलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. तुमच्या तोंडाकडे बघत ते वाचायची माझी छाती झाली नाही, एवढंच. तुम्ही फार तर तांब्या फेकला असतात, मला, त्याला, पाद्र्याला शिव्या घातल्या असत्यात, आणि कुणी सांगावं, पुढच्या म्हाळाला त्या बाईचं पान तुम्हीच मांडलं असतंत. ते मी तुम्हाला करू दिलं नाही.

आजचं जास्तीचं पान तिचंच, त्याच्या तिकडच्या बायकोचं. लोण्याचा दुसरा गोळा तिच्या भाकरीवर ठेवला. तिला वाट बघायला लावली आपल्या माणसानं, आणि तुम्हाला मी. तिच्या नातीनं एवढंच विचारलंय, की तो कुठं पुरलाय. ती जागा घरापासून सायकलनं अर्ध्या तासावर आहे, दर वर्षी तिथलं गवत मी काढतो. कळवायला चार ओळी पुरे होत्या, आणि त्यालाही मी इतकी वर्षं लावली. ती अजून आहे की नाही, कोण जाणे. आज त्या चार ओळी लिहायच्याच म्हणून सकाळी पोस्टातून परदेशी जाणारं निळं पत्र घेऊन आलो. आबा, तुम्हाला हे लिहिलं ते त्याच कागदावर, आणि आता त्यावर जागा उरलेली नाही.