लाडवासाठी दिलेलं पाणी

खारघर, १५ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्या,

गुडघे वाकत नाहीत, तेव्हा हा नमस्कार कागदावरच साष्टांग समज. "लाडवासाठी दिलं म्हणून पाणी काही कडू होत नाही," हे तुझं वाक्य सकाळपासून डोक्यात घोळतंय. मी सात वर्षांची होते. पोस्टमनला पाणी दिलं की तू लाडू द्यायचीस, म्हणून मी त्या बिचाऱ्याला तहान नसताना तीन-तीन तांबे पाजायचे. आई मला ढोंगी म्हणाली, तेव्हा तू हे म्हणालीस. (लक्षात असू दे, पुढे लागणार आहे.)

साताऱ्यात लेकीकडे खोकला कमी झाला का? नंदिनी वेळेवर काढा देते ना? तू रागावून गेलीस त्याला उद्या तीन आठवडे होतील. सव्वीस जानेवारीला सोसायटीनं तुझ्या सुनेला शाल दिली, ती कॅन्सरच्या पेशंटांसाठी पन्नास वेळा प्लेटलेट्स देऊन आली म्हणून. सेक्रेटरींनी माइक पुढे करून प्रेरणा विचारली, आणि उज्वलावहिनी (तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा एकच दुर्गुण) म्हणाली, "घरी टेकलं की कोणीतरी हाक मारतं. तिथं हातात सुई असते, दीड तास कोणी उठवत नाही. आणि चहा दुसरं कोणीतरी आणून देतं." अख्खी सोसायटी हसली. तू तेवढी हसली नाहीस. "असलं आळसाचं पुण्य माझ्या घरात नको," म्हणालीस आणि संध्याकाळी पिशवी भरलीस.

आता खरं सांगते. तिचा स्वार्थ मलाही पकडायचा होता, म्हणून मागच्या वर्षी मी तिच्याबरोबर जायला लागले. मीही देणार होते, पण हिमोग्लोबिन कमी निघालं. पालक खा म्हणाले. (बिस्कीट मात्र दिलं.) मग बसून तिच्याकडे बघत राहिले. रक्त यंत्रात फिरायला लागलं की ती पाय लांब करून भिंतीकडे बघत हसते, माहेरी आल्यासारखी. पण निघताना नर्सला विचारते, "मागच्या वेळी ज्यांना गेलं, ते बरे आहेत का हो?" नर्सला ते सांगता येत नाही. तरी दर वेळी विचारते. आत्या, आळशी माणूस एवढं विचारत नाही गं.

तू गेल्यापासून ती गेलेली नाही. इस्पितळातून फोन आला की म्हणते, "आई गावाला गेल्यात." जणू प्लेटलेट्स तुझ्या कपाटात कुलपात आहेत! तिकडे कोणीतरी वाट बघत असेल. तेव्हा आता पाण्याचं आणि लाडवाचं आठव, आणि लवकर ये.

तुझी,
गीतांजली

ता. क. ही वकिली निःस्वार्थ नाही. सोबत म्हणून जाते तेव्हा मलाही तिथे दीड तास कोणी हाक मारत नाही. माझं गेल्या वर्षभरातलं सगळं लिखाण त्या बाकावर झालंय.

ता. क. २. एक प्रयोग करायचाय. तू आल्यावर रोज दुपारी वहिनीला म्हण, "बस गं, चहा मी टाकते." घरी आराम मिळूनही ती सुई टोचून घ्यायला गेली, तर तुझं-माझं भांडणच मिटेल. तू नाहीच म्हणणार. तरी विचारते. साखर तिला दीड चमचा लागते.