आत कोण जाणार

॥ श्री ॥
दिग्रस, १२ नोव्हेंबर २०२४

ती. विमलताईंस, पंचफुलाचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे म्हणून दचकू नका. फोन लावला की हे समोर खाटेवर असतात, आणि मला बोलायचं आहे ते ह्यांच्याबद्दलच. तुमच्या भावाला प्रोस्टेटच्या गाठीत कॅन्सर निघाला, हे तुम्हाला कळलंच आहे. सुरुवातीचा आहे, बाहेर पसरलेला नाही, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले म्हणे. म्हणे, कारण मी ऐकलेलं नाही. दिवाळीआधी गेलो तेव्हा नंबर आला, हे उठले, सोबत ह्यांचे दोस्त अय्यूबभाई उठले, आणि मला सांगितलं, की तू पिशवी पाह्य, इथं चोऱ्या लय होतात. पिशवीत भाकरी आणि ठेचा होता. तो मी तासभर सांभाळला.

परवा कपडे वाळत घालताना भिंतीपलीकडून रशीदा बोलायला लागली. अय्यूबभाईंची बायको, शेजारीण, मनानं चांगली. तिनं मला धीर दिला, की डॉक्टरांनी ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन, असे दोन्ही रस्ते सांगितले, त्यात किसनभाईंनी ऑपरेशन निवडलं ते बरंच केलं. काही महिने लघवी सांभाळता येत नाही, आणि नवरा-बायकोचं पहिल्यासारखं राहील याची खात्री नसते, पण जीव मोठा. तिला वाटलं, मला सगळं माहीत आहे. मीही हो, हो करत राहिले आणि पिळलेली साडी पुन्हा पिळली.

ताई, माझ्या नवऱ्याचं माझ्याआधी रशीदाला माहीत! माझ्या संसाराचा निकाल दोन पुरुषांनी आत बसून लावला आणि मी बाहेर ठेचा राखत बसले. अय्यूबभाई पंपाच्या मोटारी चांगल्या दुरुस्त करतात, मान्य. पण ह्यांच्या गळ्यात माळ मी घातली की त्यांनी?

हा राग तुमच्याशिवाय कुणाला लिहू? माया आहे तशी असू द्यावी.

आपली,
पंचफुला


॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥
कळंब, १८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पंचफुलास, विमलताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. अय्यूबशी तुझा हा दावा काही आजचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात किसन त्याच्यासोबत सिनेमाला गेला, तेव्हाही तू आठवडाभर तोंड फुगवून होतीस. छप्पन्न वर्षांची झालीस, पण तुला सवत मिळाली ती दाढीवालीच!

पुरुषांचं असंच असतं गं. डोकं दुखलं की बायको लागते, कमरेखालचं दुखलं की मित्र. शरमेपायी करतात, दुष्टपणानं नाही. तू मनाला लावून घेऊ नको. तीन डिसेंबरला मंगळवार आहे, गणपतीचा वार, मी सकाळीच देवळात जाऊन बसेन. लघवीची नळी आठ-दहा दिवसांत काढतात, त्याची धास्ती नको. शेक नको म्हणाला तेही ठीकच झालं, महिना-दीड महिना रोज नागपूर कोण करणार? कापूस वेचायला आला असेल, बाया मिळतील तेवढ्या लावून आधी तो घरात आण.

तुम्ही नागपूरला निघालात की कळवा. कळंबच्या स्टँडवर डबा घेऊन उभी राहते. गाडी थांबते तेवढ्यात तुझा फुगलेला चेहराही बघून घेईन.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
विमलताई


॥ श्री ॥
दिग्रस, २२ नोव्हेंबर २०२४

ती. विमलताईंस सा. न.

तीन डिसेंबर! ताई, तारीख मी लिहिलीच नव्हती. मलाच ठाऊक नव्हती. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन कधी आहे, हे मला कळंबहून आलेल्या पत्रातून कळलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, की सांगणारच होतो, कायले घाई करतं तू.

म्हणजे अय्यूबभाईंना माहीत, रशीदाला माहीत, तुम्हाला माहीत. उद्या कापूस वेचणाऱ्या बायाही मला धीर द्यायला येतील. रशीदाचा मला हेवा वाटला होता, तो मी तुमच्याजवळ ओकले, आणि तुम्ही तर तिच्याही पुढच्या निघालात. तुमचं पत्र चुलीत घालणार होते. अक्षर बघून हात थांबला.

लोक म्हणतील, ह्या वयात हिला कशाचं दुःख? आहे मला दुःख. लिहिताना पेन अडतं, पण म्हातारी झाले म्हणजे लाकूड झाले नाही. तरी सुद्धा मी ऑपरेशनलाच हो म्हटलं असतं, जीवापुढे दुसरं काय आहे? मला विचारायला हवं होतं, एवढंच. जे जाणार होतं ते दोघांचं होतं.

आता एकच सरळ सांगा. हे तुमच्याकडे कधी आले, आणि काय म्हणाले? ते लिहिणार नसाल तर डबा घेऊन स्टँडवर उभ्या राहू नका.

रागात असले तरी तुमचीच,
पंचफुला


॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥
कळंब, २६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पंचफुलास आशीर्वाद.

विचारलंस ते सांगते. किसन भाऊबीजेला आला होता, तू आर्णीला तुझ्या भावाकडे गेली होतीस तेव्हा. ओवाळून झालं, ताट खाली ठेवलं, आणि तो रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, कुंकवाचा टिळा नाकावर ओघळला तरी त्याला भान नाही. म्हणाला, की तिले सांगतलं तर ती लगेच म्हणन, ऑपरेशन करून टाका, मले काई नको. अन् तिचं ते मले काई नको मले जन्मभर ऐकू येत राह्यन. ऑपरेशन केल्याशिवाय त्याला झोप लागणार नव्हती, अंगात ती गाठ ठेवून शेक घेत बसणं त्याच्या जीवाला पटत नव्हतं. पण तुझा तो मोठेपणा त्याला सोसला नसता.

त्याला तेव्हाच घरी पाठवून तुला सांगायला लावायला हवं होतं. मी लावलं नाही. तू खरं लिहिलंस, मग मीही लिहिते. तू घरात आल्यापासून माझा भाऊ माझ्याजवळ मन मोकळं करायला असा कधी आलाच नाही. काही झालं की पंचफुला. मी आहेर घ्यायची नणंद, बाकी काय? एवढ्या वर्षांनी तो एकदा माझ्या स्वयंपाकघरात रडला, आणि ते मला तुझ्यासोबत वाटून घ्यायचं नव्हतं. जळणं तुला एकटीलाच येतं असं समजू नको.

मी डबा आणणारच. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

तुझ्यावर जीव असलेली,
विमलताई


॥ श्री ॥
दिग्रस, २९ डिसेंबर २०२४

ती. विमलताईंस, पंचफुलाचा सा. न. वि. वि.

डबा घेतला कारण हे बघत होते, आणि वांग्याची भाजी खाल्ली कारण भूक लागली होती. यापेक्षा जास्त अर्थ काढू नका.

ऑपरेशन नीट झालं, नळीही निघाली, पण लघवी थांबत नाही. उठले, खोकले, हसले, की पॅड ओलं. व्यायाम दिले आहेत, हळूहळू आवरेल म्हणतात. पॅड अय्यूबभाई यवतमाळहून आणतात, दिग्रसच्या दुकानात मागितलं तर बाजारभर होईल म्हणून. सकाळी येतात, दार लावतात, मी चहा ठेवायचा. दाराआड दोघं हसतात, ताई. रडले असते तर मी समजून घेतलं असतं. ते हसणं मला सोसत नाही.

मंगळवारी अय्यूबभाई मोटारीच्या कामात पुसदला अडकले. दुपार झाली तरी हे जेवायला येईनात. दार ढकललं तर गादी ओली आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. सकाळपासून तसेच. मला हाक मारली नव्हती.

पाणी गरम केलं, अंग पुसलं, चादर बदलली. मग खाटेवर बसून सांगितलं, की मले काई नको असं मी म्हणणार नाही. मले पाह्यजे. जे गेलं त्याचं मले वाईट वाटून राह्यलं. मी कधी रडीन, कधी चिडीन, अन् ते तुमाले ऐका लागन. पण तुमची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून मी आता ऐकत नाही.

ह्यांनी माझा हात ओढून छातीवर ठेवला. वळले मात्र नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, की माझं ते बोलणं तुले कोनं सांगतलं. मी तुमचं नाव घेतलं. फोन येईल, तयारीत राहा.

आता सकाळचं मी बघते. अय्यूबभाईंना चहाला संध्याकाळी बोलावते, दार उघडं ठेवून.

लोभ राहू द्या, डबाही.

आपली,
पंचफुला


॥ श्री ॥
दिग्रस, १६ मार्च २०२५

ती. विमलताईंस, पंचफुलाचा सा. न. वि. वि.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, हे फोनवर सांगितलंच. न सांगितलेलं लिहिते.

नागपूरला दवाखान्यात नंबर पुकारला तसे अय्यूबभाई सवयीनं उठले. ह्यांनी त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला उठायला क्षणभर सुचेना. इतकं भांडून मिळवलेलं, आणि आता हातातली पिशवी कुणाकडे द्यावी तेच कळेना!

डॉक्टरांनी लघवीचं विचारलं. हे म्हणाले, सगळं ठीक. मी म्हटलं, ठीक नाही, भरलेली बादली उचलली की अजून होतं, आणि नको म्हटलं तरी उचलतात. मग डॉक्टरांनी विचारलं, की नवरा-बायको म्हणून तुम्हा दोघांना काही विचारायचं आहे का. ह्यांची मान खाली. मी विचारलं, की माणूस घरी काही सांगत नाही, त्याच्यावर एखादी गोळी निघाली आहे का. डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. मान वर केली आणि माझ्यादेखत डॉक्टरांना माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती ह्यांनी मलाही सांगितली नव्हती. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

बाहेर आल्यावर अय्यूबभाईंनी घाईघाईनं विचारलं. हे म्हणाले, की तिले इचार. रिपोर्टचं मी लगेच सांगितलं, तसे ते मटकन बसले आणि रुमालानं डोळे टिपायला लागले. त्या वेळी मला त्यांच्याबद्दल माया वाटली, हे कबूल करते. पण आत आणखी काय बोलणं झालं, हे ते गाडीत पार दारव्ह्यापर्यंत विचारत होते. खारे दाणे घेऊन दिले. मी दाणे खाल्ले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

तुम्हीही विचाराल. ह्यांना विचारू नका, मी शपथ घातली आहे. रागावू नका, ताई. ह्यांचं पुष्कळ काही तुम्हा दोघांजवळ आहे. एवढं माझ्याच जवळ राहू द्या.

मायेत काही उणं करू नका. मीही केलेलं नाही.

तुमची,
पंचफुला