मासे का मरतायत

दादा,

मासे का मरतायत ते कळलं. फिल्टर ठीक आहे, दुकानदाराशी तू उगाच भांडलास. त्यानं पाणी तपासलं. जास्तीचं खाणं तळाशी कुजून पाणी नासतंय.

आज मी स्वयंपाकघरातून बघत होते. बाबांनी माशांना खाणं घातलं, पेपर चाळला, उठून परत घातलं. थोड्या वेळानं पुन्हा. मी अडवलं तर म्हणाले, "अगं, सकाळपासून उपाशी आहेत बिचारे."

त्यांना डॉक्टरांकडे नेतेय. माझी पाठ दाखवायचीय, सोबत चला, असं सांगितलंय. तू आलास की मेलेला मासा काढ, अर्धं पाणी बदल. खाण्याचा डबा लपवू नकोस, शोधत बसतील. त्यात चिमूटभरच ठेव.

घरी आल्यावर ते मासा कुठे गेला म्हणून विचारतील. कितीदाही विचारलं तरी पहिल्यांदाच विचारतायत असं समजून सांग.

छकुली