दाढेचं सोनं आणि कासुर्डीचे व्याही

४ जाने. ७४, शिरूर
काल दौंडला दाढेवर टोपण बसवून आलो. सोन्याचं. हिची तुटकी कुडी सत्कारणी लागली, असं मी म्हणालो. हिरडी ठणकते. चहा गार करून, उजव्या बाजूने. पुण्याच्या पेपरला कांद्याची बातमी पाठवली, चार ओळी. मान खाली घातली की जास्त ठणकतं.

७ जाने.
जबडा उघडत नाही. अमरकोश घडाघडा म्हणणारं तोंड चमचाभर दूधभाताला आढेवेढे घेतं.
त्यात कासुर्डीहून सुमनच्या सासऱ्यांचं हुरड्याचं बोलावणं. लेकीची पहिली संक्रांत, ती इकडे यावी म्हणून त्यांना विचारायचंच आहे. पंचाईत अशी की वैशाखात भर मांडवात मी साधेपणावर बोललो आणि मानपान टाळला. व्याह्यांना फेटासुद्धा नाही. आता हे सोनं त्यांना दिसता कामा नये.

९ जाने.
कासुर्डी. आरावर भाजलेली कणसं, ऊन ऊन हुरडा. ओठ मिटून बसलो.
"घ्या की व्याही, कवळा हाय."
"नको, पोट भरलंय."
"तुमाला आमचं रानातलं न्हाई चालायचं." तळहातावरचा हुरडा त्यांनी परत कापडावर टाकला. मी सुमनला संक्रांतीला पाठवण्याचं काढलं. "बघू." सुमन माझ्याकडे बघेना.

१० जाने.
मिठाच्या गुळण्या. ही म्हणते, "दाढेचं सांगून टाकायचं होतं."
"आणि मी मांडवात बोललो त्याचं काय?"
"ते कुणाच्या ध्यानात आहे? फेटा ध्यानात आहे."

१२ जाने.
शनिवारचा बाजार करून व्याही दारात टेकले. हिने पोहे पुढे केले. "नको ताई, पोट भरलंय." चहाही नको.
मग मी उन्हाकडे तोंड करून आ केला. जबडा कटकन वाजला. बैलाचे दात बघावेत तसं त्यांनी वाकून बघितलं.
"सोनं हाय व्हय."
"हिच्या कुडीचं."
"दुखतंय?"
"गरम लागलं की."
"आन् हुरडा गरम व्हता."
"होता."
मग बशी ओढली, दोन घास खाल्ले, बाकीचे तसेच. "घरात बोलतो," म्हणाले आणि एसटी स्टँडकडे गेले. हो म्हणाले की नाही, आम्हा दोघांचं एकमत नाही.

१३ जाने.
भोगी. हिने सुमनसाठी काळी साडी काढून ठेवली आहे, हलव्याचे दागिने ओवून झालेत. मी सकाळपासून दोनदा स्टँडवर, बातमीच्या निमित्ताने. कासुर्डीहून येणारे दौंड गाडीनेच येतात; दुपारच्या गाडीला कुणी नाही. संध्याकाळची यायची आहे.