चमच्याचा पांढरा

१४ एप्रिल
रींकचा निकाल लागला. चित्रमंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून हा माणूस बोलतच नाही, ठराव वाचतो. "वीत्स्काबाई, पेस्टलची चित्रं बाहेरच, कोटांच्या खुंट्यांशेजारी. दरवर्षीसारखी." का, तर म्हणे खडूची भुकटी गळते! आत मोठ्या भिंतीवर तेलरंगवाले मिरवणार. त्यांच्या गायी, त्यांच्या पवनचक्क्या आणि रींकची ती बोट. दरवर्षी तीच बोट.
आणि माझे पाणपक्षी ओल्या कोटांच्या बाह्या झेलत उभे. यंदा नाही. यंदा माझा चमच्या, तो चमच्यासारख्या चोचीचा पांढरा पक्षी, मोठ्या भिंतीवर लागेल, नाहीतर कुठंच लागणार नाही.

१७ एप्रिल
बांधाच्या आडोशाला बसले होते. वारा असला की डोळ्यांतून पाणी. चमच्या उथळ पाण्यात चोच इकडून तिकडे फिरवत चालला होता, केर काढत असल्यासारखा.
पांढरा म्हणजे काय एकच असतो? पोटाखाली निळसर, मानेशी पिवळट, पाठीवर नुसतं ऊन. घरी येऊन राखी कागदावर धरला त्याला. चुकलं तिथं पावाच्या मऊ गरानं टिपून काढलं. डाऊवे पाव शोधत आला. "मला काय ठेवलंयस?" म्हटलं, "कडा." नवरा माझा गुणी. लवंगांचं चीज कडांवर ठेवून मुकाट्यानं खाल्लं.

२० एप्रिल
झाला. आता हात लावायचा नाही — माझासुद्धा नाही.

२३ एप्रिल
रींकची नवी अट. "फवारा मारून पक्कं करा, मग मोठ्या भिंतीचं बघू."
तो चिकट फवारा मारला की भुकटी बसते, कबूल. पण पांढराही बसतो! ओला होतो, काळवंडतो, मरतो. मी विचारलं, "तुमच्या बोटीवर आधी व्हिनेगर ओतू का?" तेलरंगवाले हसले. रींक नाही हसला. म्हटलं, काच असेल, चौकट घट्ट असेल. एक कण जरी खाली पडला तरी झाडू घेऊन मी येईन. फवारा मारणार नाही म्हणजे नाही.
घरी येताना डाऊवे म्हणाला, "एवढासा तर फवारा गं. किती वर्षं त्या भिंतीसाठी झुरतेयस."
"तू कुणाच्या बाजूचा?"
"तुझ्याच की."

२ मे
रींक नमला! डाऊवेनंच चौकट करून चित्र सभागृहात नेऊन दिलं. रींक म्हणाला म्हणे, "चालेल, मधोमध लावतो." बघा, हट्ट धरावा लागतो. गोड पाव आणला, आज गरासकट खाल्ला.

९ मे
प्रदर्शन उघडलं. मोठी भिंत, मधोमध, माझं नाव. जवळ गेले. चमच्या राखाडी! जुनी चादर नीळ न घालता वाळत घातलीय तसा. पाठीवरचं ऊन गेलेलं. फवारा मारलाय हे आंधळ्यालाही कळलं असतं.
सरळ रींकसमोर जाऊन उभी राहिले. "माझ्या चित्राला हात लावायची तुमची हिंमत कशी झाली?"
"मी? माझ्याकडे आलं तसं टांगलं."
"खोटं बोलता. अध्यक्ष आहात, लाज वाटू द्या."
बेकरीवाली अंटिया मध्ये पडली. "अगं, छान दिसतंय की."
"मग खाली 'राखी बगळा' लिहा." चित्र खिळ्यावरून काढलं आणि काखेत मारून निघाले. रडले नाही. त्यांच्यासमोर तर नाहीच नाही. डाऊवे सायकल हातात धरून मागून चालत आला, घरापर्यंत एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, त्यालाही माझ्याइतकाच राग आलाय.

१० मे
फवारा रींकनं मारलाच नव्हता. डाऊवेनं मारला. आत्ता कॉफी पिताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. "तू नमणार नव्हतीस. आणि मला तुझं नाव त्या भिंतीवर बघायचं होतं गं."
रींकची माफी मागीन. चारचौघांत ओरडले, तर चारचौघांतच मागीन. ते सोपं आहे.
फळीवर नवा कागद ताणलाय. खोलीला आतून कडी घातली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.