नानांच्या होडीचा कठडा आणि केळीचा चीक

तीर्थरूप नानामामांना,

कुंदनचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तुमचा तेजसदादा सांगत होता, चाळीसगावात तुम्ही रोज सकाळी स्टेशनापर्यंत चालत जाता आणि कुठली गाडी किती लेट आली ते घरी येऊन सगळ्यांना ऐकवता. म्हणजे प्रकृती झकास आहे असं आम्ही धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. तुमची थोरली बहीण, म्हणजे आमची आई (तुम्ही अक्का म्हणता म्हणून आता गावातली कुत्रीसुद्धा तिला अक्का म्हणून ओळखतात), ठणठणीत आहे आणि रोज माझी एक तरी चूक शोधून काढते. सध्या तिला शोधावी लागत नाही.

कारण तुमची होडी. नाना, त्या होडीबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत. फोनवर ते जमत नाही, कारण जरा गहिवरून बोलायला लागलो की तुम्ही 'बरं, ठेव' म्हणता.

गाव सोडताना तुम्ही पलीकडच्या काठावरच्या घराला कुलूप घातलंत, होडी तापीच्या आमच्या काठाला आणून लावलीत आणि 'आता ही तुझी' म्हणालात. मी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि मोकळा झालो. यंदा मात्र थंडीतच अक्काने जाहीर केलं की अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, ती माहेरी जाणार, आणि त्याच होडीतून जाणार. लग्न झाल्यापासून दर आखाजीला तुम्ही मुऱ्हाळी होऊन तिला याच होडीतून न्यायला यायचात. तुम्ही चाळीसगावला गेल्यापासून तिची आखाजी झालेली नाही. नदीकडे बघत सांजोऱ्या तळते आणि आम्हाला वाढते. मला त्या सांजोऱ्या गोड लागत नाहीत, खरं सांगतो. (खातो, ते वेगळं.)

ताडपत्री काढली तर गाद्यांच्या पांढऱ्या रेक्झिनवर बुरशीचे काळे ठिपके, सागवानी कठडा राखेच्या रंगाचा, आणि होडीच्या काठाच्या लाकडी पट्ट्यांवर हिरवट साय. तुम्हाला फोन केला. तुम्ही किती शांतपणे सांगितलंत! शिरक्याच्या पाण्याने पुसायचं, मऊ ब्रश वापरायचा, लाकूड सावलीत वाळवायचं, घाई करायची नाही. मी सगळं 'हो हो' करत ऐकलं. आता त्यातलं काय केलं ते सांगतो, म्हणजे काहीच नाही.

आमची पडली केळीवाल्याची जात. बुरशी म्हटलं की आम्हाला केळीच्या पानांवरचा करपा दिसतो आणि हात आपोआप पंपाकडे जातो. मी पाठीवर पंप चढवला आणि बागेत मारतो तेच निळं औषध गाद्यांवर फवारलं, पानाच्या खालून मारतात तसं गादीच्या खालूनही. शीतल दारातून बघत होती. म्हणाली, "झालं? आता खतही घाला." (तुमची सूनबाई धुळ्याची आहे, टोमणा मारायला तिला वेळ लागत नाही.) रेक्झिन निळं झालं. ठिपके होते तिथेच राहिले. मग गुपचूप शिरका आणला, आणि तुमच्या पद्धतीने बुरशी निघाली. त्याबद्दल एकदा आभार.

मग कठडा. पॉलिशपेपरने घासून घासून असा गोरा केला की मलाच माझं कौतुक वाटलं. आता सावली हवी. ऊन तर असं की बांधावर पाय ठेववत नाही. मी बागेतून केळीची ताजी पानं आणि खांबांची सोललेली सोपटं तोडून आणली, होडीवर गार मांडव घातला आणि जेवायला गेलो. नाना, आमच्या घरात केळी कापायला जाताना वेगळे कपडे घालतात. चिकाचा डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही, हे आमच्याकडे पोरगं चालायच्या आधी शिकतं. पण कपड्याचं ज्ञान मला लाकडाला लावायचं सुचलं नाही. चीक पडताना पाण्यासारखा दिसतो. दुसऱ्या दिवशी कठडा बिबट्यासारखा झाला होता.

घासलं, धुतलं, लिंबू चोळलं. डाग जास्तच पक्के झाले. मी डोक्याला हात लावून काठावर बसलो. म्हटलं, संपली अक्काची आखाजी. तेवढ्यात अक्का काठी टेकत आली, होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "डाग जात नही ना? मंग बठ्ठाच कठडा रंगी टाक!"

मग आम्ही तिघांनी केळीच्या खांबाचे तुकडे कापून जवळजवळ पूर्ण कठड्यावर आणि पट्ट्यांवर चीक चोळला, वरून अक्काने जवसाचं तेल जिरवलं. नाना, काकवीसारखा रंग आलाय. गाद्यांवर शीतलने अक्काच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून घातल्या. होडी एकदम तयार आहे. तुम्ही होडी दिलीत, म्हणून आम्ही तिघं कित्येक वर्षांनी एका कामावर असे भांडत बसलो. याबद्दल मनापासून आभार.

गुडघ्यांना जपा. तेजसदादाला सांगा, माझ्या चुकांसाठी तुमची बोलणी खात जाऊ नको.

तुमचा भाचा,
कुंदन

ता. क. : होडी तयार, पण अक्का आता बसायला तयार नाही. मी म्हटलं, मी सोडतो पलीकडे. तर म्हणते, "लेवाले कोनी उनं नही तं माहेरले कशी जाऊ?" न्यायला भाऊच यायला हवा. पिशवी मात्र भरून खुंटीला टांगली आहे.

पुन्हा ता. क. : तेव्हा नाना, कुलपाची किल्ली घेऊन आखाजीच्या आदल्या दिवशी या. तुम्ही फक्त मुऱ्हाळी म्हणून बसायचं, होडी मी चालवतो. हे पत्र अक्काला माहीत नाही.

आणखी एक : वर 'एकदम तयार' लिहिलंय, पण कठडा अजून जरासा रंग सोडतो. फक्त इंजिनाजवळचा हातभर तुकडा सोडत नाही. तुम्ही उभं राहून हात टेकायचात तिथलं लाकूड झिजून खोलगट झालंय. तिथे अक्काने ना मला घासू दिलं, ना चीक लावू दिला. म्हणाली, "राहू दे. हाई मना भाऊना हात शे." तेव्हा पांढरा सदरा खुशाल घालून या. हात तेवढा तिथेच ठेवा.