आईचं काळं बोट

निपाणी, मंगळवार, संध्याकाळ

आईचा बसवलेला दात आज डॉक्टरांनी काढून टाकला. स्क्रू हाडात धरलाच नाही. तंबाखूमुळं जखम भरत नाही म्हणाले. बसवायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, तंबाखू खाता का? आई "न्हाय" म्हणाली होती. खोटं कुठं होतं ते? मिश्री ती खात नाही, बोटावर घेऊन दात घासते. भाजलेला तंबाखूच तो, पण आमच्यात तसं कोण म्हणतं? तेव्हाही तिचं काळं बोट टेबलावरच होतं. कुणाला दिसलं नाही. मलाही.

येताना रिक्षात समजावलं. मिश्री बंद, मऊ ब्रश, वेळच्या वेळी तपासणी. "व्हय गं," म्हणाली.

आत्ता मोरीत बसलीय. बोट परत काळं. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली,

"जखम स्वच्छ नको व्हय ठेवाय? फुडल्या येळचा दात तरी धरंल."